तापमानाचे शून्य कोणते?

तापमापनाचा धडा बहुधा रूपांतराच्या सूत्रापाशी संपतो. सेल्सिअसच्या आकड्याला ९/५ ने गुणून ३२ मिळवले की फॅरनहाइट; २७३ मिळवले की केल्विन. दहा उदाहरणे सोडवली की झाले. या पद्धतीवर आक्षेप असा, की तिच्यामुळे तिन्ही मापक्रम एकाच जातीचे वाटतात. तसे ते नाहीत.

‘२० अंश सेल्सिअसच्या दुप्पट तापमान ४० अंश काय?’ असे वर्गात विचारून पाहावे. हेच आकडे फॅरनहाइटमध्ये ६८ आणि १०४ होतात. मग दुप्पट गेली कुठे? केल्विनमध्ये ते २९३ आणि ३१३. म्हणजे वाढ जेमतेम सात टक्के. चार्ल्सच्या नियमात सेल्सिअसचा आकडा घालणारा विद्यार्थी वायूचे आकारमान दुप्पट करून ठेवतो, ते हा भेद न कळल्यामुळेच.

बर्फाच्या वितळणबिंदूला शून्य म्हणणे ही केवळ सोय आहे. १७४२ साली सेल्सिअसने तर उकळत्या पाण्याला शून्य आणि गोठणाऱ्या पाण्याला १०० म्हटले होते. हा क्रम नंतर उलटला. केवल शून्य असे हलवता येत नाही. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन, यांनी १८४८ पासून उष्णता-इंजिनाच्या सिद्धांतावरून कोणत्याही एका पदार्थावर न विसंबणारा मापक्रम घडवत नेला. या शून्याचा खरा आधार तो आहे.

‘केवल शून्याला रेणूंची सर्व हालचाल थांबते’ हे वाक्यही आता सोडावे. पुंज सिद्धांतानुसार तेथेही किमान ऊर्जा उरतेच. म्हणूनच नेहमीच्या दाबाखाली हेलियम कितीही थंड केला तरी गोठत नाही.

फरकाच्या रूपांतराकडेही असेच दुर्लक्ष होते. तापमान १.५ अंश सेल्सिअसने वाढले, तर फॅरनहाइटमध्ये वाढ किती? सूत्र ३४.७ सांगते, खरे उत्तर २.७. दोन तापमानांची वजाबाकी करताना ३२ उडून जातात.

रूपांतराची चार उदाहरणे कमी करून मुलांकडून एक आलेख काढून घ्यावा. दाब कायम असताना ० अंश सेल्सिअसला २७३ मिलिलिटर असलेली हवा १०० अंशाला सुमारे ३७३ मिलिलिटर होते. हे दोन बिंदू जोडून रेषा मागे न्यावी. आकारमान शून्य कोठे होते, ते मुलांनाच वाचू द्यावे. प्रत्यक्षात हवा त्याआधीच द्रवरूप होते, हेही सांगावे. मग २७३ कोठून आले, हे वेगळे पाठ करावे लागणार नाही.