संगोपन अनेकांचे, कर-सवलत एकाची

अल्प उत्पन्नाच्या श्रमिकांवरील कराचा भार हलका व्हावा, या हेतूने अमेरिकेत १९७५ साली 'अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट' ही कर-सवलत सुरू झाली. देय करापेक्षा सवलत अधिक असल्यास उरलेली रक्कम श्रमिकाला मिळते. २०२५ या करवर्षासाठी एक मूल असणाऱ्यास ती जास्तीत जास्त ४,३२८ डॉलर, तर मूल नसणाऱ्यास ६४९ डॉलर आहे. साहजिकच 'मूल कोणाचे?' हा प्रश्न येथे निर्णायक ठरतो.

नाते, वय व निवास या कसोट्यांवर कायदा त्याचे उत्तर देतो. मूल वर्षाच्या निम्म्याहून अधिक काळ अर्जदाराच्या घरी राहिलेले असावे लागते. स्वतःची व सावत्र मुले, नातवंडे, भावंडे, भाचे-पुतणे या नात्यांत बसतात. चुलत वा मावस भावंड बसत नाही. विवाह न करता आईसोबत राहणारा पुरुष तिच्या पूर्वीच्या मुलाचे पोट भरीत असला, तरी कायद्याच्या लेखी तो परकाच. मुलाचा खर्च कोण करतो, हे येथे विचारलेच जात नाही.

विभक्त आईवडिलांची स्थिती याहून विषम आहे. मूल १८३ रात्री आईकडे व १८२ रात्री वडिलांकडे राहिले, तर मुलामागची सवलत संपूर्णपणे आईकडे जाते. आई व आजी एकाच घरात मूल वाढवीत असतील, तर दोघी पात्र ठरूनही लाभ एकीलाच. आईने हक्क न सांगितल्यास आजीचे उत्पन्न आईपेक्षा अधिक असावे लागते.

एकाच मुलावर दोघांनी दावा करू नये, ही शासनाची चिंता रास्त आहे. २०२१ मध्ये विभक्त राहणाऱ्या विवाहितांना काही अटींवर स्वतंत्र विवरणपत्र भरूनही ही सवलत घेण्याची मुभा मिळाली, हेही नमूद केले पाहिजे. परंतु मूळ गृहीतक तसेच राहिले : संगोपनाची वाटणी होत नाही. नियमांची बेफिकिरीने पायमल्ली केल्यास दोन वर्षे व फसवणूक केल्यास दहा वर्षे सवलत बंद होते. गुंतागुंतीच्या घरांत प्रामाणिक चूक आणि बेफिकिरी यांतील सीमारेषा मात्र पुसट असते.

कॅनडात बालभत्त्याच्या बाबतीत ताबा जवळपास समान असल्यास आईवडील दोघांनाही आपापल्या हिशेबाची निम्मी रक्कम मिळते. म्हणजे वाटणी अशक्य नाही. जे श्रम अनेकांनी वाटून घेतले, त्यांचे मोल एकाच्याच पदरात घालणारा कायदा सोयीचा असेल. न्याय्य म्हणता येणार नाही.