हिब्रू दिशा आणि मराठी वाचन

धर्मग्रंथांच्या मराठी विवरणात ‘मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ असा आहे’ हे विधान बहुधा चर्चेचा शेवट करण्यासाठी येते. शब्दाचा धातू दाखवला, धातूचा आद्य अर्थ सांगितला, की त्या शब्दाच्या प्रत्येक उपयोगात तोच अर्थ दडलेला आहे असे गृहीत धरले जाते. या गृहीतकावर जेम्स बार यांनी १९६१ मध्ये ‘द सिमँटिक्स ऑफ बिब्लिकल लँग्वेज’ या ग्रंथात मूलगामी आक्षेप घेतला. व्युत्पत्ती हा शब्दाचा इतिहास होय, त्याचा अर्थ नव्हे. अर्थ ठरतो तो वाक्यातील उपयोगाने. तसेच एखाद्या शब्दाच्या निरनिराळ्या स्थळांतील अर्थांची बेरीज करून ती सगळी एकाच स्थळावर लादणे हेही अवैध होय, असे बार यांचे प्रतिपादन आहे. भारतीय अर्थविचाराला हा भेद अपरिचित नाही. योगार्थ आणि रूढार्थ असा विवेक करून, जेथे दोहोंत विरोध येतो तेथे रूढीला बलवत्तर मानण्याची आपली जुनी परंपरा आहे. ‘पंकज’ म्हटल्यावर कमळ समजते. चिखलात उगवणारी इतर कोणतीही वस्तू समजत नाही.

बार यांचा आक्षेप मान्य केल्यावरही एक प्रश्न शिल्लक राहतो. रूढीने मागे सारलेला योगार्थ कायमचा नष्ट होतो काय? की काही विशिष्ट रचनांत तो पुन्हा जागा होतो, आणि होत असल्यास त्याची खूण कोणती? हिब्रूतील दिशावाचक शब्द या प्रश्नाच्या परीक्षेसाठी फार उपयुक्त आहेत, आणि ही परीक्षा मराठीतून करण्यात एक वेगळेच स्वारस्य आहे.

‘याम’ या हिब्रू शब्दाचा अर्थ समुद्र. याच शब्दाचा दुसरा अर्थ पश्चिम दिशा. कनान देशात भूमध्य समुद्र पश्चिमेला असल्यामुळे समुद्राचे नाव दिशेला मिळाले. त्याचप्रमाणे ‘नेगेव’ हे दक्षिणेकडील कोरड्या प्रदेशाचे नाव दक्षिण दिशेचे नाव झाले. मालवणच्या किनाऱ्यावरील वाचकाला यातील पहिल्या शब्दाचे मर्म समजावून द्यावे लागत नाही. तेथे सूर्य सह्याद्रीच्या मागून उगवतो आणि समुद्रात मावळतो. देवबागच्या चिंचोळ्या पट्टीवर एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. त्यातली समुद्राची बाजू ती पश्चिम, हे सांगायला होकायंत्र लागत नाही. पूर्वेस डोंगर आणि पश्चिमेस समुद्र ही कनानची रचना सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याशी जुळते. सोळाशे चौसष्ट साली ज्या कुरटे बेटावर किल्ल्याच्या बांधकामाला आरंभ झाला, ते बेटही मालवणच्या किनाऱ्यावरून ‘याम’ या शब्दाच्या दोन्ही अर्थांनी ‘यामे’च्या बाजूला आहे.

परंतु हे भौगोलिक साम्यच वाचकाची दिशाभूल करू शकते. निर्गम १०:१९ मध्ये मिसर देशावर आलेले टोळ ‘रुआह याम’ उडवून नेतो. शब्दशः हा समुद्राचा वारा. मालवणच्या वाचकाच्या मनात येथे दुपारचा खारा वारा उभा राहील; पण तो अर्थ येथे लागू पडत नाही. मिसर देशाला भूमध्य समुद्र उत्तरेस आहे. उत्तरेचा वारा टोळांना पूर्वेकडील ‘याम सूफ’मध्ये, म्हणजे मराठी बायबलातील तांबड्या समुद्रात, लोटणार नाही. म्हणून येथे ‘याम’ म्हणजे पश्चिम, आणि मराठी भाषांतराने पश्चिमेचा वारा घेतला ते योग्यच होय. विशेष असे की त्याच वाक्यात हा शब्द दोनदा येतो: पहिल्या ठिकाणी तो पश्चिम दिशा दाखवतो, दुसऱ्या ठिकाणी पूर्वेला असलेला समुद्र. निर्गम २७:१२ मध्ये सीनायच्या रानात उभारावयाच्या निवासमंडपाच्या अंगणाची ‘याम’ बाजू सांगितली आहे. तेथे पन्नास हात लांबीचे पडदे लावावयाचे आहेत. त्या रानातूनही भूमध्य समुद्र पश्चिमेस नाही. बोलणारा आपला देश सोडून गेला तरी त्याची दिशा देशाबरोबर मागे राहिली नाही. शब्द रूढ झाला होता.

याच ठिकाणी पहिले ज्ञात भाषांतर अडखळले. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात मिसरमधील अलेक्झांड्रियात पंचग्रंथीचे ग्रीक भाषांतर झाले. त्या नगरात समुद्र उत्तरेला. तरीही भाषांतरकारांनी अनेक स्थळी ‘याम’साठी समुद्रवाचक ग्रीक शब्दच ठेवला. परिणामी उत्पत्ती १२:८ मध्ये अब्रामाच्या तळाच्या पश्चिमेस असलेले, डोंगराळ प्रदेशातील बेथेल ग्रीक वाचकाला समुद्राकडे असल्याचे दिसू लागले. योगार्थाला निष्ठ राहणारे भाषांतर मूळ वाक्याशी किती अप्रामाणिक होऊ शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. मलयाळममध्ये पूर्वेला ‘किळक्कु’ म्हणतात. त्या शब्दातील मूळ अर्थ ‘खालची बाजू’ असा आहे. तो तमिळ देशात सार्थ होता, कारण तेथे पूर्वेकडे जमीन उतरत जाते. केरळात घाट पूर्वेला असूनही शब्द तोच राहिला. सिंधुदुर्ग या नावातील ‘सिंधु’ म्हणजे समुद्र. तोच शब्द जुन्या फारसीतील ‘हिंदु’ या रूपातून एस्तेरच्या ग्रंथात (१:१) ‘होद्दू’ म्हणून अवतरतो आणि तेथे तो एका देशाचे नाव असतो. शब्दाचा प्रवास सांगितल्याने त्याचा मुक्कामाचा अर्थ सांगितला जात नाही.

इथवर बार यांचा पक्ष निर्विवाद ठरतो. पण हिब्रू दिशांचा दुसरा एक वर्ग देशाच्या रचनेवरून न येता माणसाच्या शरीरावरून आलेला आहे. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहिल्यास ‘केदेम’ म्हणजे पुढची बाजू, ती पूर्व. ‘आहोर’ म्हणजे मागची बाजू, ती पश्चिम. ‘यामीन’ म्हणजे उजवा हात, ती दक्षिण. ‘स्मोल’ म्हणजे डावा हात, ती उत्तर. भूमध्य समुद्राला अनुवाद ११:२४ मध्ये ‘याम आहारोन’, म्हणजे मागला समुद्र, म्हटले आहे. संस्कृतातून मराठीत आलेल्या दिशांची घडण याच तत्त्वावर झाली आहे. ‘पूर्व’ म्हणजे पुढचा, आधीचा. ‘पश्चिम’ म्हणजे मागचा, शेवटचा. ‘दक्षिण’ म्हणजे उजवा. ‘याम आहारोन’ याला ‘पश्चिम समुद्र’ हा प्रतिशब्द दिला तर त्यातील मागला आणि मावळतीकडचा हे दोन्ही अर्थ घटक-शब्दांसह जुळतात. अर्थात दक्षिणेकडची गाडी पकडणाऱ्या मराठी माणसाला आपल्या उजव्या हाताची आठवण होत नाही. योगार्थ येथेही निद्रित आहे. मात्र ‘प्रदक्षिणा’ या शब्दात, आणि देवतेला उजव्या बाजूस ठेवून फिरण्याच्या त्या कृतीत, तो मराठीत अजून जिवंत आहे.

या साम्याचे मोल उत्पत्ती २:८ येथे कळते. देवाने एदेनात बाग लावली ती ‘मिक्केदेम’. हे रूप उत्पत्ती १२:८ मध्ये निःसंशय दिशावाचक आहे, कारण तेथे त्याच्यासमोर ‘याम’ उभा आहे. स्तोत्र ७४:१२ मध्ये तेच रूप कालवाचक आहे. तेथे देव पूर्वापार राजा आहे. एदेनाच्या वाक्यात असा निर्णायक शेजार नाही. ग्रीक भाषांतराने उगवतीची दिशा घेतली. अरामी तर्गूमाने प्राचीन काळ घेतला. जेरोमच्या लॅटिन भाषांतरानेही ‘आरंभापासून’ असा काळच स्वीकारला. प्रत्येकाला निवड करावी लागली, कारण त्यांच्या भाषांत दोन्ही अर्थ वाहणारा शब्द हाताशी नव्हता किंवा वापरला गेला नाही. मराठीत तो आहे: ‘पूर्व’. तरी मराठी बायबलाने दिशा निवडली, आणि त्यामागे व्याकरणाचीही सक्ती आहे. ‘पूर्वेस’ म्हटले की दिशा, ‘पूर्वी’ म्हटले की काळ. प्रातिपदिकात असलेली संदिग्धता प्रत्यय लागताच मिटते. म्हणून या स्थळी भाषांतरकाराला दोष देता येत नाही. दोष जातो तो विवरणाकडे. मराठी विवरणाचा पाया बहुशः इंग्रजी कोशांचा आहे. १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्ट्राँग यांच्या शब्दसूचीपासून पुढे ‘केदेम’ समोर पूर्व दिशा, पुढची बाजू, प्राचीन काळ हे अर्थ इंग्रजीतील एकमेकांशी असंबद्ध शब्दांनी मांडलेले असतात. त्यांचे मराठी करताना विवरणकार तीन वेगळे अर्थ मोजतो आणि त्यातला सोयीचा एक उचलतो. जो संबंध त्याच्या स्वतःच्या भाषेत एका शब्दात नांदतो, तो परभाषेच्या मध्यस्थीमुळे त्याला दिसत नाही.

ही मध्यस्थी अटळ नव्हती. जॉन विल्सन यांचे मराठीतून लिहिलेले हिब्रू व्याकरण १८३२ मध्ये मुंबईत छापले गेले. बेने इस्राएल समाजातील जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांनी एकोणिसाव्या शतकात हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. हा समाज सिंधुदुर्गाच्या उत्तरेस, मुख्यतः आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर वसलेला. तेथेही समुद्र पश्चिमेलाच. युरोपातील यहुदी यरुशलेमेसाठी पूर्वेकडे तोंड करीत. कोकणातील प्रार्थनामंदिरांत तोराच्या गुंडाळ्या ठेवण्याचे ‘हेखाल’ पश्चिमेला असते. ‘याम’ हा शब्द उच्चारताना समुद्र, पश्चिम आणि यरुशलेम ही तिन्ही एकाच बाजूला असणारा वाचक मराठी बोलणारा होता. पुढे पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये ते केडगावच्या मुक्ती मिशनने प्रकाशित केले. संस्कृतावर असामान्य प्रभुत्व असलेल्या या विदुषीने सामान्य स्त्रीपुरुषांना कळेल अशी साधी मराठी हेतुतः स्वीकारली. ही भूमिका न्याय्य आहे. मात्र तिची किंमत कोठे द्यावी लागते हे पाहिले पाहिजे.

ती किंमत स्तोत्रांत दिसते. एकोणनव्वदाव्या स्तोत्राच्या बाराव्या ओवीत उत्तर आणि ‘यामीन’ देवाने निर्माण केल्याचे म्हटले आहे. येथे ‘यामीन’ म्हणजे दक्षिण. लगेच तेराव्या ओवीत देवाचा ‘यामीन’ उंचावलेला आहे. येथे तो उजवा हात. शेजारच्या दोन ओव्यांत तोच शब्द दोन अर्थांनी येतो तेव्हा पहिल्या ठिकाणी निजलेला योगार्थ दुसऱ्याच्या हाकेने उठतो: दक्षिण दिशा ही त्या हाताचीच बाजू भासू लागते. एकशे एकोणचाळिसाव्या स्तोत्राची रचना याहून विस्तृत आहे. पाचव्या ओवीत देवाने भक्ताला ‘आहोर’ आणि ‘केदेम’ असे वेढले आहे; प्रकरणाने येथे अर्थ मागे आणि पुढे असाच नियत होतो. पण नवव्या ओवीत पहाटेचे पंख आणि समुद्राचे शेवटचे टोक येते. पहाट ही केदेमची बाजू, ‘याम’ ही पश्चिमेची. आणि टोकासाठी योजलेला ‘आहरीत’ हा शब्द ‘आहोर’च्याच धातूचा. दहाव्या ओवीत धरणारा हात ‘यामीन’ आहे. शरीराभोवतीचे वेढणे चार ओव्यांत विश्वाएवढे होते, आणि हा विस्तार त्याच शब्दांच्या दुसऱ्या अर्थांनी घडतो.

आनंदवर्धनापासूनच्या परंपरेत यास शब्दशक्तिमूल ध्वनी म्हणता येईल: अभिधा प्रकरणाने एका अर्थापुरती नियंत्रित झाली, आणि दुसरा अर्थ व्यंजनेने प्रतीत झाला. या ध्वनीचे वैशिष्ट्य असे की शब्द बदलला की तो नाहीसा होतो. मराठीत ‘मागे-पुढे’ आणि ‘उजवा हात’ आले की दिशा गेल्या. ‘पश्चिम-पूर्व’ आणि ‘दक्षिण’ ठेवावे तर शरीर गेले. ‘दक्षिण कर’ म्हणावे तर रमाबाईंनी ज्यांच्यासाठी लिहिले त्या वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. हे नुकसान भाषांतरात भरून निघण्यासारखे नाही. ते विवरणातच सांगावे लागेल, आणि पूर्व, पश्चिम, प्रदक्षिणा हे शब्द जवळ असल्याने मराठीत ते इंग्रजीपेक्षा सुलभतेने सांगता येईल.

या पद्धतीची मर्यादाही आखली पाहिजे. योनाला पूर्वेकडील निनवेस जाण्याची आज्ञा होते. तो याफो बंदरातून उलट दिशेने जहाजात बसतो. त्याने ‘केदेम’कडे पाठ फिरवून ‘याम’ पत्करला, असे म्हणण्याचा मोह कोणालाही होईल. पण निनवेस जाण्याच्या त्या आज्ञेत ‘केदेम’ हा शब्द नाही, आणि ‘याम’ योनाच्या कथेत सर्वत्र पाण्याचा समुद्रच आहे. कथेत दिशेचा विरोध आहे. शब्दाचा ध्वनी नाही. तो विवरणकाराने बाहेरून आणलेला असेल.

योगार्थ कोठे जागा झाला याचा पुरावा कोशात मिळत नाही. तो शेजारच्या ओळीत मिळतो. एकोणनव्वदाव्या स्तोत्रात तो आहे, एकशे एकोणचाळिसाव्यात तो आहे, योनाच्या ग्रंथात तो नाही, आणि एदेनाच्या वाक्यात तो दोन बाजूंना सारखाच झुकतो. ‘मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ’ सांगणाऱ्याने या चार स्थळांतील फरक सांगितला नाही, तर त्याने शब्द सांगितला, धर्मग्रंथ सांगितला नाही.