न गाणारी अँड्रोमाकी

बेर्लिओझने व्हर्जिलच्या महाकाव्यावरून १८५६ ते १८५८ या काळात रचलेले ‘ले त्रॉयां’ हे पंचांकी संगीतनाट्य त्याच्या हयातीत अखंड असे कधीच रंगभूमीवर आले नाही. १८६३ साली पॅरिसमध्ये अखेरचे तीनच अंक झाले. १८९० मध्ये कार्ल्सरूए येथे दोन्ही भाग झाले, पण दोन रात्रींत व जर्मन भाषेत. १९५७ मध्ये लंडनला कुबेलिकने ते एका रात्रीत बसविले, तेव्हा भाषा इंग्रजी! कॉलिन डेव्हिसच्या १९६९ च्या ध्वनिमुद्रणाने ही कृती मूळ फ्रेंचमध्ये साकल्याने ऐकावयास मिळाली. तिचा उद्धार झाला तो ध्वनिमुद्रणाने, असे म्हटले जाते. आम्हांस हे अर्धेच मान्य आहे.

मृगया व वादळ यांचा प्रवेश ध्वनिमुद्रिकेवर निःसंशय अधिक खुलतो. पॅरिसला पडद्यांच्या व यंत्रांच्या खटाटोपात तो पहिल्या प्रयोगानंतर वगळावा लागला होता. कानांना असली अडचण नाही.

परंतु पहिल्या अंकातील अँड्रोमाकीचे काय? हेक्टरची ही विधवा शुभ्र शोकवस्त्रांत, पुत्राचा हात धरून येते. ती एक अक्षरही गात नाही. क्लॅरिनेट विलापते, समुदाय हलक्या स्वरात हळहळतो, वृद्ध राजा प्रायम बालकास आशीर्वाद देतो, आणि ती मुखावर अवगुंठन ओढून निघून जाते. ध्वनिमुद्रिकेवर उरते ती एक सुंदर धून. जिच्यासाठी ती धून आहे, ती स्त्री मात्र तेथे नसते. आणि दिग्दर्शकही पुष्कळदा या मौनास भिऊन तेथे नसत्या हालचाली भरतात. आम्हांस तो अपराध अधिक मोठा वाटतो.