‘डिझेल इंजिन जड असते’ : एक अर्धे उत्तर

मौद्यातून जाणाऱ्या नागपूर-भंडारा महामार्गावर ट्रकची रहदारी अखंड चालू असते. तिथल्या एका वर्गात मुलीने विचारले, “हेच इंजिन विमानाला का बसवत नाहीत?” मार्गदर्शकातले उत्तर तयार होते : ‘ते जड असते.’ हे वाक्य खोटे नाही. पण ते विचार तिथेच थांबवते, ही आमची तक्रार आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. आत घेतलेली हवा दाबून तिचे आकारमान सुमारे सोळाव्या हिश्श्यावर आणतात. ती इतकी तापते, की फवारलेले इंधन आपोआप पेटते. हा दाब सोसायला भक्कम सिलिंडर लागतात, म्हणून वजन वाढते. मात्र जास्त दाबल्यामुळेच तेवढ्या कामाला इंधन कमी लागते. उत्तरातून गळतो तो हा भाग.

वर्गात हिशेब करून पाहावा. समजा, डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनापेक्षा 60 किलो जड आहे, पण तासाला 8 किलो इंधन वाचवते. 60 भागिले 8, म्हणजे साडेसात तास. उड्डाण त्याहून लांबचे असेल, तर इंजिन आणि इंधन मिळून डिझेलचेच विमान हलके!

ही नुसती कल्पना नव्हे. मे 1931 मध्ये अमेरिकेत पॅकार्ड डिझेल इंजिनाचे विमान वाटेत इंधन न घेता 84 तास 32 मिनिटे उडत राहिले. हा विक्रम 1986 पर्यंत टिकला. जर्मनीचे युंकर्स डिझेल इंजिन लांब पल्ल्याच्या विमानांत चालले. लढाऊ कामात मात्र शक्ती झटकन कमीजास्त करणे त्याला मानवले नाही.

पुढे मोठ्या विमानांत गॅस टर्बाइन आले. तेवढ्याच वजनात ते कितीतरी अधिक शक्ती देते. त्यापुढे पेट्रोल इंजिनही टिकले नाही. छोट्या विमानांत मात्र 2000 नंतर डिझेल इंजिने पुन्हा दिसू लागली. ती जेट विमानांच्याच केरोसीनवर चालतात. त्यांना शिसेयुक्त विमानी पेट्रोल लागत नाही.

तेव्हा त्या मुलीला उत्तराऐवजी आधी प्रतिप्रश्न द्यावा : “कोणते विमान, आणि किती तास उडायचे?” ‘जड’ हा शब्द तुलनेशिवाय अपुरा असतो, हे तिला मग वेगळे शिकवावे लागणार नाही.