शंख फुंकला, पण नाकाचे काय?

ऑगस्ट २०२५ मध्ये अनेक वृत्तपत्रांनी एक बातमी ठळकपणे छापली. रोज शंख फुंकल्याने झोपेत श्वास अडण्याचा विकार कमी होतो, असे जयपूरच्या डॉक्टरांना आढळले होते. कोल्हापुरात या बातमीचे स्वागत जरा जास्तच आपुलकीने झाले. अंबाबाईच्या गावाला शंखाचे अप्रूप नाही. ‘आपल्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते’ हे वाक्यही लगेच ऐकू आले. आमच्या शिक्षकखोलीत तर परिपाठाच्या वेळी मुलांकडून शंख फुंकून घ्यावा, अशी सूचना पुढे आली. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. म्हणूनच तो शोधनिबंध नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे तपासून पाहणे आवश्यक वाटते.

झोपेत घसा का मिटतो?

प्रथम एक सोपा प्रयोग करू. क, च, ट, त, प ही अक्षरे सावकाश म्हणा आणि जीभ कोठे कोठे जाते याकडे लक्ष द्या. ‘क’ला जिभेचा मागचा भाग उचलला जातो, ‘ट’ला टोक वर वळते, ‘त’ला ते दातांमागे टेकते. ‘प’ म्हणताना काम ओठच करतात. आपली वर्णमाला म्हणजे जिभेच्या हालचालींचा नकाशाच आहे. इतकी चपळ असलेली जीभ म्हणजे स्नायूंचा एक गठ्ठा आहे आणि स्नायू म्हटला की तो सरावाने बदलतो.

आता घशाकडे वळू. श्वासनलिका कूर्चेच्या कड्यांमुळे उघडी राहते. तिच्या वरच्या भागात, म्हणजे जिभेमागच्या घशात, अशी कडी नसतात. तो मार्ग मुख्यतः स्नायू उघडा ठेवतात. जिभेला पुढे ओढणारा स्नायू त्यांत महत्त्वाचा. झोप लागली की हे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि वाट अरुंद होते. त्या अरुंद वाटेतून जाणाऱ्या हवेने मृदू टाळू आणि पडजीभ थरथरते. तेच घोरणे. वाट पूर्ण मिटली तर श्वास थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. निदान १० सेकंद श्वास थांबणे किंवा बराच उथळ होणे ही एक घटना मानतात. तासाला अशा ५ ते १५ घटना घडल्या तर विकार सौम्य, १५ ते ३० असतील तर मध्यम आणि ३० च्या पुढे गेल्या तर तीव्र समजला जातो.

यावर हमखास उपाय म्हणजे मुखवट्यातून दाबाने हवा देणारे यंत्र. कॉलिन सुलिव्हन यांनी सिडनीत १९८१ मध्ये ते पुढे आणले. परंतु रोज मुखवटा लावून झोपणे अनेकांना नकोसे वाटते. त्यामुळे व्यायामाने काही साधेल का, हा प्रश्न रास्तच आहे.

निबंधाचे बळ आणि उणिवा

जयपूरच्या प्रयोगात मध्यम विकाराचे ३० रुग्ण होते. १६ जणांना शंख फुंकण्यास शिकवले, तर १४ जणांना दीर्घ श्वसन करण्यास सांगितले. आठवड्यातून निदान ५ दिवस, रोज किमान १५ मिनिटे असा सराव ठरला होता. सहा महिन्यांनंतर शंखवाल्या गटाची दिवसाची झोपाळू अवस्था सुमारे ३४ टक्क्यांनी कमी झाली होती. श्वास अडण्याच्या घटना दुसऱ्या गटाच्या तुलनेत तासाला सरासरी ४ ते ५ ने कमी भरल्या.

या निबंधाची जमेची बाजू आधी मांडली पाहिजे. तुलनेचा गट रिकामा बसवलेला नव्हता. शिवाय रुग्णांना नुसते ‘कसे वाटते’ एवढेच विचारले नाही, तर झोपेतील श्वास मोजला. परंपरेतील गोष्ट मापाला लावणे हाच तिचा खरा मान आहे. लोणावळ्याला कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून यौगिक क्रियांच्या बाबतीत हेच केले होते.

आता उणिवा. ३० ही संख्या लहान आहे. आपण शंख फुंकतो आहोत हे रुग्णाला ठाऊक असतेच, आणि झोपाळूपणाचे माप रुग्णाच्या स्वतःच्या उत्तरांवर अवलंबून असते. म्हणजे ज्या ३४ टक्क्यांचा मथळा झाला, तोच आकडा अपेक्षेच्या प्रभावाखाली येण्याचा संभव अधिक. घटनांचा आकडा त्याहून भरवशाचा आहे, पण तो लहान आहे. तासाला २२ वेळा श्वास अडणाऱ्याचे १७ वर येणे ही सुधारणा खरी. तरीही तो माणूस मध्यम विकाराचा रुग्णच राहतो. बातम्या वाचणाऱ्याला हे सहसा कळत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हा गुण शंखाचा की फुंकण्याचा? स्वित्झर्लंडमध्ये २००६ साली ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे डिजरिडू हे लांब लाकडी वाद्य २५ रुग्णांवर अजमावले गेले. चार महिन्यांच्या वादनानंतर तेथेही फरक दिसला. मात्र तुलनेच्या गटाला नुसते प्रतीक्षा यादीत ठेवले होते. ब्राझीलमध्ये २००९ साली वाद्याचा संबंधच नव्हता. ३१ रुग्णांपैकी काहींना जीभ टाळूला चिकटवून मागे सरकवणे, गाल आत ओढणे, ‘आ’ म्हणत मृदू टाळू उचलणे असे व्यायाम तीन महिने दिले. त्यांच्या श्वास अडण्याच्या घटना तासाला सरासरी २२.४ वरून १३.७ वर आल्या. ही घट शंखापेक्षा मोठी आहे, पण हे दोन प्रयोग समोरासमोर झालेले नाहीत. त्यामुळे कोण श्रेष्ठ, हा निवाडा करता येत नाही.

तात्पर्य, विरोधाविरुद्ध फुंकताना ओठ, गाल, जीभ आणि टाळू यांना काम पडते, हे सर्व प्रयोगांतील समान सूत्र दिसते. मग आपल्याकडे गालात हवा साठवून, नाकाने श्वास घेत, सूर न तोडता सनई वाजवणारे वादक आहेत, तुतारी फुंकणारे आहेत. त्यांच्या घशाचा असा अभ्यास कोणी केला तर तो वाचायला आवडेल. अशा स्नायूप्रशिक्षणाच्या ९ अभ्यासांचा आढावा २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला. त्यातील रुग्ण अवघे ३४७ होते आणि पुराव्याची खात्री मध्यम ते अगदी कमी अशी ठरली. दिशा आशादायक, पुरावा तोकडा, असा त्याचा सरळ अर्थ.

येथे कोल्हापूरकराला एक शंका सुचेल. स्नायू कमावून घसा मोकळा राहत असेल, तर तालमीतल्या पैलवानाने घोरूच नये! प्रत्यक्षात जाड मान ही या विकाराची एक खूणच मानली जाते. पुरुषाच्या मानेचा घेर सुमारे ४३ सेंटिमीटरच्या पुढे गेला की धोका वाढतो. मानेचे बाहेरचे स्नायू कमावणे वेगळे आणि झोपेत जिभेचा स्नायू पुरेसा ताणलेला राहणे वेगळे. ‘व्यायाम चांगला’ एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या स्नायूचा, कशासाठी, हे विचारावे लागते.

वर्गातील उघडे तोंड

हे सारे आकडे मुख्यतः मोठ्या माणसांचे आहेत. कॉक्रेनच्या ३४७ जणांत मुले फक्त १३ होती. परिपाठाची सूचना मात्र मुलांसाठी होती. माझी खरी हरकत येथे आहे.

प्रत्येक वर्गात एखादा मुलगा आ वासून बसलेला असतो. त्याच्या डोळ्यांवर झापड असते, लक्ष नसते. ‘तोंड मीट’ असे आपण किती सहज म्हणतो! मीही अनेक वर्षे म्हणत आलो. पण बऱ्याच वेळा त्या मुलाला नाकाने श्वास घेताच येत नसतो. नाकाच्या मागे अॅडिनॉइड नावाची ग्रंथी असते. लहानपणी ती वाढते आणि पुढे किशोरवयात आक्रसते. ती फार वाढली, टॉन्सिल सुजले, किंवा अॅलर्जीने नाक चोंदले, तर तोंड उघडे ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. अशा मुलाला जिभेचे व्यायाम देणे म्हणजे तुंबलेली मोरी सोडून नळ घासत बसणे होय.

अमेरिकेत ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवरील एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. टॉन्सिल आणि अॅडिनॉइड काढलेल्या मुलांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेतील श्वासाची तपासणी सात महिन्यांनी सामान्य आली. नुसती वाट पाहिलेल्यांतही ४६ टक्के मुले सुधारली. शस्त्रक्रियेनंतर वागणुकीत फरक पडला, पण अवधानाच्या चाचणीत ठळक फरक पडला नाही. म्हणजे प्रत्येकाला शस्त्रक्रिया हवीच असे नाही. निर्णय डॉक्टरांनी तपासूनच घ्यायचा असतो.

तोंडावर चिकटपट्टी लावून झोपण्याचे जे खूळ अलीकडे पसरले आहे, त्यापासून तर मुलांना दूरच ठेवावे. २०२५ मध्येच त्यावरील १० अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. लाभाचा पुरावा त्यात क्षीण ठरला, आणि नाक बंद असणाऱ्याला गुदमरण्याचा धोका असल्याचे बजावण्यात आले.

शिक्षकाला काय करता येईल? स्टीलची थंड वाटी मुलाच्या नाकाखाली धरावी आणि तोंड मिटून श्वास सोडायला सांगावे. वाटीवर वाफेचे दोन डाग उमटतात. एक डाग लहान दिसला तर घाबरू नये, कारण निरोगी नाकातही दोन्ही नाकपुड्या आळीपाळीने कमीजास्त मोकळ्या असतात. मात्र दोन्ही डाग वारंवार पुसटच उमटत असतील तर पालकांशी बोलावे. मूल रात्री मोठ्याने घोरते का, श्वास अडतो का, घाम येतो का, अंथरूण ओले होते का, हे विचारावे. ही वाटी म्हणजे निदान नव्हे. ती फक्त प्रश्न विचारायला शिकवते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शाळांत मुलांची तपासणी होते. त्या पथकाला असे मूल आवर्जून दाखवावे, किंवा सीपीआरसारख्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागाकडे पाठवावे. नाक मोकळे झाल्यावरही तोंड उघडे ठेवण्याची सवय राहिली, तर मग ओठ मिटणे आणि ‘न’ म्हणताना जिभेचे टोक जेथे टेकते तेथे ते विसावू देणे, हा सराव जाणकारांच्या सल्ल्याने जरूर करावा. स्नायूप्रशिक्षणाची जागा तेथे आहे.

परिपाठातील शंखाची सूचना आम्ही तूर्त बाजूला ठेवली. त्याऐवजी सातवीच्या वर्गात वाट्या आणल्या. मुलांनी आनंदाने डाग पाडले. मी मात्र त्या दिवसापासून ‘तोंड मीट’ म्हणणे सोडून दिले आहे. आता मी विचारतो, ‘बाळ, नाकाने श्वास येतो का रे?’