गुरूचा गळा आणि शिष्याचा आवाज

गवयाची थोरवी मैफलीत मोजायची, ही आपली जुनी रीत. त्या मापाने पाहिले तर प्रा. बी. आर. देवधर थोर गवयांच्या पंगतीत मागच्या पाटावर बसतील. मला ते मापच अपुरे वाटते.

देवधर मास्तरांचा जन्म १९०१ सालचा, मिरजेचा. त्याच वर्षी विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले होते. मास्तर पुढे त्यांचेच शिष्य झाले आणि १९२५ साली मुंबईत त्यांनी स्वतःची संगीतशाळा काढली. तालीम ग्वाल्हेरची; पण कान सर्व घराण्यांना मोकळा. त्यांचे ‘थोर संगीतकार’ वाचावे, म्हणजे दुसऱ्याचे गाणे हा माणूस किती निर्मळ मनाने ऐकत होता ते कळते.

त्यांचा खरा ध्यास आवाजाचा. गळा ही देवाची देणगी, ती असते किंवा नसते, असे म्हणून आपण मोकळे होतो. मास्तरांनी आवाज हा शास्त्राचा विषय मानला. ज्याचा गळा त्याने ओळखावा आणि जपून घडवावा, हे त्यांच्या शिकवणीचे सार.

१९३६ साली कुमार गंधर्व त्यांच्याकडे आले ते अकरा-बारा वर्षांचे. नामवंतांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन त्या मुलाने सभा जिंकल्या होत्या. एखाद्या गुरूने त्याला मिरवले असते, नाही तर आपलीच नक्कल करायला लावले असते. मास्तरांनी त्याला नाना तऱ्हेचे गाणे ऐकवले आणि विचार करायला मोकळे सोडले. पुढचे आजारपण, देवास, माळव्याची लोकगीते ही कुमारांची स्वतःची कमाई. तिचे श्रेय मास्तरांना वाटून देऊ नये. पण वाट अडवली नाही, हे श्रेय लहान नव्हे.

यावर एक आक्षेप उरतोच. साधारण शिष्याला साचा लागतो. मोकळीक त्याला भोवते. देवधरांचे घराणे झाले नाही ते कदाचित म्हणूनच. हा आक्षेप मी झटकून टाकीत नाही, कारण मीही शाळामास्तर आहे. माझ्या वर्गातले निबंध एकदा ओळीने वाचत होतो. चाळीस वह्यांतून माझीच वाक्ये माझ्याकडे परत आली! मुलांना गुण चांगले पडले होते. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

साचा द्यावा, पण तो मोडण्याची परवानगीही त्याबरोबरच द्यावी. १९९० साली देवधर मास्तर गेले. त्यांचा गळा फार थोड्यांना आठवत असेल. त्यांनी न दडपलेला आवाज मात्र आपण सारे अजून ऐकतो आहोत.