घड्याळाच्या डोक्यावरचे छप्पर

आमच्या वाड्याच्या ओटीवर एक घड्याळ होते. त्याच्याविषयी माझे मत कॉलेजात असल्यापासून ठरलेले होते : घड्याळ उत्तम, पेटी वाईट.

घड्याळ जर्मन बनावटीचे. पणजोबांनी ते मुंबईहून आणले, असे घरात सांगत. पेटी साडेतीन फूट उंच. दाराच्या दोन्ही अंगांना कातलेले अर्धे खांब, खांबांच्या माथ्यावर पानांची नक्षी, त्यावर एक जाड आडवी पट्टी, पट्टीवर ग्रीक देवळाच्या दर्शनी भागासारखा त्रिकोणी माथा, आणि त्या त्रिकोणाच्या टोकावर मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला घोडा. कोपऱ्यांत दोन कळस. खालच्या बाजूला मात्र ही सारी इमारत निमुळती होत होत एका लाकडी बोंडात संपते. म्हणजे जिला इतके खांब, तिला पायाच नाही! अख्खे देऊळ एका खिळ्याला टांगलेले.

मी मित्रांना हे घड्याळ हसत हसत दाखवीत असे. आजी ऐकू येणार नाही इतकी लांब आहे, याची आधी खात्री करून घेई, इतकेच.

गेल्या वर्षी वाडा पुनर्विकासाला दिला. पितळेची पातेली, पाट, शिसवी पलंग यांच्या वाटण्या झाल्या. घड्याळ कुणालाच नको होते, म्हणून ते माझ्याकडे आले. उतरवताना उजवा खांब निखळून हातात आला. डावा खांब त्याआधीच कधीतरी गळून पडला होता, तो कुठे गेला देव जाणे. दुरुस्तीला नेले, तेव्हा त्या वृद्ध कारागिरांनी निखळलेला खांब उलटा करून मला दाखवला. मागे दोन चुका आणि सरसाचा वाळलेला थर. "याच्यावर काही भार नाही बघा," ते म्हणाले, "हा लावू, की आता एकच राहिलाय तर तोही राहू दे? घोडाही हलतोय. सगळं काढून साधी पेटी करून देतो. हल्ली लोक तसंच मागतात."

दादाने फोनवर एका शब्दात निकाल दिला, "काढ." टीकाकाराला स्वतःचे मत असे हातात करवत देऊन अमलात आणायला सांगण्याचा प्रसंग क्वचितच येतो. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि ज्या पेटीला इतकी वर्षे हसलो, तिचा नीट विचार प्रथमच केला.

घड्याळाने घराचा वेष घ्यावाच का? याचे मूळ लंबकात आहे. हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सने १६५६ साली लंबकाचे घड्याळ सिद्ध केले. लंबकाला वाऱ्याचा धक्का चालत नाही, चाकांना धूळ चालत नाही, आणि लहान मुलांची बोटे तर मुळीच चालत नाहीत. अशा प्राण्याला चार भिंती, एक दार आणि डोक्यावर काहीतरी लागतेच. १६५८ मध्ये लंडनला फ्रोमंटील घराण्याने या नव्या घड्याळांची जाहिरात दिली. त्या पहिल्या काळातल्या इंग्रजी पेट्या पाहिल्या, की मन प्रसन्न होते. काळ्या आबनुसाचा पातळ थर, त्रिकोणी माथा, सोनेरी मुलाम्याच्या पितळी बैठका आणि माथे असलेले सडपातळ खांब. वेष देवळाचा खरा, पण बेताचा. सेकंदाला एक टोका देणारा लंबक एकोणचाळीस इंच लांबीचा असावा लागतो आणि आठ दिवस पुरणारी वजने हळूहळू खाली यायला उंची लागते. म्हणून जमिनीवर उभे राहणारे उंच घड्याळ जन्माला आले. त्याची बैठक, धड आणि डोके हे तीन भाग एखाद्या खांबासारखेच दिसतात. ती उंची सुताराने दिमाखासाठी काढलेली नाही. ती आतल्या वजनांनी मागून घेतलेली आहे.

पुढे मात्र सुतारांना वास्तुशास्त्राची चटक लागली. टॉमस चिपेंडेलने १७५४ साली लाकडी सामानाच्या नमुन्यांचे आपले प्रसिद्ध पुस्तक काढले, त्याची सुरुवातच खांबांच्या पाच अभिजात प्रकारांच्या चित्रांनी होते. खुर्ची शिकण्याआधी खांब शिका, असा त्याचा रोख. त्या काळच्या कपाटांवर मधोमध फोडलेला त्रिकोणी माथा असे. आता त्रिकोणी माथा हे मूळचे उतरते छप्पर. पाऊस निथळून जावा म्हणून. तोच मधे फोडला, तर पाणी थेट आत यायचे. घरात कुठे पाऊस पडतो, असे यावर कुणी म्हणेल. आमच्या वाड्यात पडत असे, पण ते असो.

फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एक घाट निघाला, त्याला मी शंभरपैकी नव्वद गुण देईन. चौकोनी बैठक, तिच्यावर चार खांब, खांबांवर आडवी चौकट, आणि त्या चौकटीखाली टांगलेले गोल घड्याळ. चार खांबांच्या मधल्या मोकळ्या जागेत लंबक डुलतो. इथे खांब खरोखर भार घेतात. एक जरी काढला, तर घड्याळ डळमळेल. इमारतीचे सोंग आणले आहे, पण सोंगाने काम पत्करले आहे. त्याच फ्रेंचांनी पुढे गॉथिक चर्चच्या आकाराची घड्याळे काढली. कमानी, मनोरे, रंगीत काचांच्या खिडक्यांची नक्षी, आणि त्यात तबकडी अशी बसवलेली, की चर्चमध्ये कुणी ताट विसरून गेले आहे! अमेरिकेत १८४० नंतर दोन टोकदार मनोऱ्यांची शेल्फावरची घड्याळे कनेक्टिकटच्या कारखान्यांतून निघाली आणि घरोघर गेली. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. स्वस्त होती, हलकी होती, आणि चर्च जिथून दूर अशा शेतकऱ्याला घरात एक शिखर मिळाले.

पण माझ्या घड्याळाचे खरे पूर्वज व्हिएन्नाचे. मुलीकडे गेलो होतो, तेव्हा तिथले १९१७ साली स्थापन झालेले घड्याळांचे संग्रहालय मी दोनदा पाहिले. दुसऱ्या वेळी मुलगी बाहेर कॉफी घेत बसली. तिथे मला 'डाखल-उर' भेटले. डाखल म्हणजे छोटे छप्पर, छपराचे घड्याळ. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली ही घड्याळे. अंगाने इतकी सडपातळ, की भिंतीवर रेघ ओढल्यासारखी दिसतात. वर साधे दुपाखी छप्पर. समोर काच, दोन्ही बाजूंना काच. महॉगनीच्या कडेने मेपलच्या पांढुरक्या लाकडाची दोऱ्याएवढी रेषा. खांब नाही, पान नाही, फूल नाही, घोडा तर नाहीच. आत पांढरी तबकडी, लाकडी दांड्याचा लंबक आणि एक पितळी वजन. बस्स. जणू कुणी म्हणाले, काळाला राहायला किती जागा लागते? इतकी. मग इतकेच घर बांधू. बाजूच्या काचांतून येणारा उजेड लंबकावर पडतो आणि लंबक घराच्या आत चालणाऱ्या माणसासारखा दिसत राहतो.

तिथून माझ्या ओटीपर्यंतचा रस्ता उताराचा आहे. १८४७ साली गुस्ताव्ह बेकरने सायलेशियातल्या फ्रायबुर्गला, आणि १८६१ साली युंगहान्स घराण्याने श्राम्बर्गला कारखाने काढले. पेट्या यंत्रावर निघू लागल्या. १८७१ मध्ये जर्मनी एक झाली आणि 'जुन्या जर्मन' थाटाची हवा सुरू झाली. जाड खांब, जाड पट्ट्या, कळस, मुखवटे, गरुड, घोडे. वजनांची जागा पुष्कळ घड्याळांत चावीच्या स्प्रिंगने घेतली, म्हणजे उंचीचे मूळ कारण गेले आणि उंची तेवढी राहिली. सर्वांत वाईट झाले ते काचेचे. दोन्ही बाजूंच्या खांबांनी दार आक्रसले आणि लंबक फटीतून डोकावू लागला. घराच्या दर्शनी भागावर इतका खर्च केला, की राहणाऱ्याला खिडकी उरली नाही.

हे सारे माझ्या मताला पोषकच होते. त्यात आमच्या वाड्याने भर घातली. खांब कसा असावा हे पुण्याच्या माणसाला व्हिएन्नात शिकावे लागत नाही. १८०७ च्या विश्रामबागवाड्याचे सुरूदार खांब पाहावेत. खाली फुगीर, वर निमुळते, सुरूच्या झाडासारखे. आमच्या चौकातले खांब त्यांचे गरीब भाऊबंद, पण जातीचे. पायाशी दगडी तळखडा, लाकडाला ओल चढू नये म्हणून. माथ्याशी दोन्हीकडे पसरलेले हस्त, तुळईचा भार वाटून घ्यायला. केळफुलाची नक्षी येते ती त्या हस्ताच्या टोकाला, काम संपते तिथे. अशा खांबांच्या सावलीत दोन चुकांवर लटकलेले खांब टांगायचे, म्हणजे पैलवानाच्या आखाड्यात कापसाचे दंड भरून उभे राहायचे! करवत चालवायला आता हरकत नव्हती.

ती अडली देव्हाऱ्यापाशी. देव्हाराही माझ्याच वाट्याला आला आहे. सागवानी, चार खांब, तीन महिरपी, वर घुमट आणि कळस. एका संध्याकाळी दिवा लावता लावता माझ्या मनात आले, हेदेखील सोंगच की! वीतभर खांब, आणि त्यांच्यावर भार किती, तर पोकळ घुमटाचा. तो चार काड्यांनीही पेलला असता. महिरपीला तर काहीच काम नाही. मग देव्हारा मला कधी खोटा का वाटला नाही? श्रद्धेमुळे, असे म्हणून सुटता येईल. पण तशी माझी श्रद्धा बेताचीच आहे. मला वाटते, देव्हाऱ्याची सगळी रचना आत बसलेल्याकडे डोळा नेते. खांब बाजूला उभे राहतात, महिरप कपाळावरच्या हातासारखी वाकते, आणि मधे चार बोटांचा बाळकृष्ण एकदम मोठा दिसू लागतो. म्हणजे भार पेलणे हा एकच निकष धरून मी चुकत होतो. व्हिएन्नाच्या त्या छपराखालीही मी लंबकच पाहत उभा होतो. या कसोटीलाही माझे घड्याळ उतरत नाही, हे खरे. पण आता मला पूर्वीइतके हसू येईना.

मुदतीच्या सातव्या दिवशी आत्याला भेटायला गेलो. वय अठ्ठ्याऐंशी. ऐकू कमी येते, बाकी सगळे शाबूत. मी तिला घड्याळाची हकीकत सांगितली, खांब, चुका, सरस, सगळे. तिने पहिला प्रश्न विचारला, "किल्ली सापडली का?"

"कुठली किल्ली?"

"अरे, घोड्यामागची. चावी द्यायची आणि कोठीची, दोन्ही तिथंच असायच्या. तो त्रिकोण पुढून दिसतो, मागं पोकळ आहे. तुम्हां पोरांचा हात पोचू नये म्हणून आई तिथं ठेवायची. भाड्याच्या पावत्यासुद्धा. आणि माझं पत्र."

पत्र सासरहून पाठवलेले पहिले. आजोबांनी वाचून तिथे ठेवले आणि आजीने ते वर्षभर रोज दुपारी काढून वाचले. आजीला अक्षरओळख त्या पत्रावर झाली, असे आत्या म्हणाली. हे मला आजवर कुणी सांगितले नव्हते. मीही कधी विचारले नव्हते. मी पेटीच्या फक्त दर्शनी बाजूवर मत दिले होते. मागे हात घालून पाहावे, असे चाळीस वर्षांत सुचले नाही.

"घोडा काढतोस?" तिने विचारले. मी उत्तर देण्याआधीच म्हणाली, "काढ हो. हिडीसच होता. पण मागची फळी तेवढी राहू दे."

माझे मत बदलले आहे काय? पेटीविषयी नाही. कारखान्याने ठोकलेला तो त्रिकोण त्या दिवशीही खोटा होता आणि आजही आहे. जर्मनीतल्या ज्या कुणी तो बेतला, त्याच्या मनात किल्लीही नव्हती आणि पत्रही नव्हते. घाटाचे गुण मोजताना मी आजीचे वाचन त्यात धरणार नाही. तसे केले, तर टीका करायचे कारणच उरत नाही, कारण भावनेने जपलेली वाईट वस्तू कुणाच्या घरात नाही? पण वस्तू बेतणारा एक माणूस असतो आणि तिच्यात राहणारी माणसे दुसरी. या दुसऱ्यांनी खोट्या छपराखाली खरोखरच बिऱ्हाड केले, हे नोंदवल्याशिवाय माझे परीक्षण अर्धवटच राहिले असते.

आठव्या दिवशी दुकानात गेलो. घोडा काढायला सांगितला. तो आता माझ्या नातवाकडे आहे आणि तिथे अधिक शोभतो. त्रिकोणी माथा ठेवला. उजवा खांब लावू नका म्हणालो. दोन्ही बाजूंचे जुने सरसाचे डाग घासून साफ करायचे राहिले आणि मीही आग्रह धरला नाही. त्यामुळे दाराच्या दोन्ही अंगांना, जिथे खांब होते तिथे, फिक्या लाकडाचे दोन उभे पट्टे दिसतात. काच थोडी रुंद झाल्यासारखी वाटते, लंबक पूर्वीपेक्षा पुष्कळ दिसतो.

नव्या इमारतीच्या प्रवेशद्वाराशी बिल्डरने प्लास्टरचे चार ग्रीक खांब उभे केले आहेत. एकावर बोटाने वाजवून पाहिले. पोकळ आहे. आमचे दिवाणखान्याचे छत खाली आणलेले, त्यामुळे घड्याळाचा माथा त्याला जेमतेम चार बोटे अंतर ठेवून आहे. दर शुक्रवारी स्टुलावर चढून मी त्या फटीत हात घालतो आणि चाचपडत किल्ली शोधतो.